‘इन’मध्ये काय आहे?

हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागे बाइक अडकली, की समोर मोठ्या अक्षरांत दिसतं – ‘हायली इन्फ्लेमेबल’. आता शाळेत आपण काय शिकलोय? करेक्टला ‘इन’ लावलं की इनकरेक्ट, कम्प्लीटचं इनकम्प्लीट, व्हिजिबलचं इनव्हिजिबल. ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ या प्रश्नातले हमखासाचे मार्क याच ‘इन’च्या जिवावर मिळायचे. फ्लेम म्हणजे ज्वाला, हेही ठाऊक असतं. मग या हिशेबाने इन्फ्लेमेबल म्हणजे काय झालं? न पेटणारं. म्हणजे टँकर एकदम सेफ, बिनधास्त चिकटून चला!

तसं कुणी करत नाही, कारण टँकरमध्ये काय असतं हे आपल्याला शब्द वाचायच्या आधीच माहीत असतं. इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. शिवाय टँकरवर बऱ्याचदा ‘ज्वलनशील’ असंही रंगवलेलं असतं आणि त्या शब्दात कसलाच घोळ नाही. पण समजा, टँकरच्या जागी एखाद्या वर्कशॉपच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा आहे, त्यात काय आहे ते माहीत नाही आणि वर फक्त हा एकच इंग्रजी शब्द छापलाय. मग?

हा प्रश्न तुमच्या-आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांनाच पडतो असं नाही. ज्यांच्या घरात इंग्रजीच बोलतात, तेही इथे चकतात. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनला ही भीती शंभर वर्षांपूर्वीच वाटली होती. १९२०च्या दशकात या संस्थेने आग्रह धरला, की हा ‘इन’ काढून टाका आणि नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा. ‘फ्लेमेबल’ हा शब्द काही त्यांनी नव्याने घडवला नव्हता. तो आधीपासून होता, पण वापरात जवळजवळ नव्हता. सुरक्षेसाठी त्याला धूळ झटकून बाहेर काढलं. त्यामुळे आज इंग्रजीत अशी गंमत आहे, की फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल या दोन्हींचा अर्थ एकच. ‘इन’ लावा नाहीतर काढा, डबा पेटायचा तो पेटतोच. न पेटणाऱ्या वस्तूसाठी मग ‘नॉन-फ्लेमेबल’ असा तिसरा शब्द वापरावा लागतो. आणि जगभरच्या मालवाहतुकीत शेवटी चित्राचाच आधार घेतला गेला. पेट घेणारा द्रव असेल, तर चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखं लाल लेबल आणि त्यात ज्वाला. हे चित्र वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

आता हा ‘इन’ असा उलटा का वागतो?

कारण तो एक नाहीच. लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगवेगळे ‘इन’ आले आणि दोघांचं स्पेलिंग योगायोगाने सारखं. पहिला नकाराचा. इनकरेक्टमधला हा ‘इन’ आपल्या ‘अ’चा लांबचा भाऊ आहे, अगदी रक्ताच्या नात्याने. संस्कृतमधला ‘अ’ किंवा ‘अन्’, ग्रीकमधला ‘अ’ किंवा ‘अन्’, लॅटिनमधला ‘इन’ आणि खुद्द इंग्रजीतला ‘अन’ हे चारही एकाच जुन्या मुळातून फुटले आहेत. आपल्याकडे व्यंजनाआधी ‘अ’ आणि स्वराआधी ‘अन्’ येतो, म्हणून अचल पण अनंत. ग्रीकमध्येही नियम अगदी हाच. अ‍ॅटम म्हणजे जो कापता येत नाही तो, आणि अ‍ॅनिमिया म्हणजे ‘रक्त नसणं’. संस्कृतचा हा नियम शाळेत रडतखडत पाठ केला असेल, तर तो थेट बायोलॉजीच्या पुस्तकात कामी येतो.

दुसरा ‘इन’ साधा, ‘आत’ या अर्थाचा. इनहेल म्हणजे श्वास आत घेणं. इम्पोर्ट म्हणजे माल आत आणणं. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ हा दुसरा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘आग लावणं’, ‘पेटवणं’. अंगाला सूज येऊन जळजळ होते त्याला डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, आणि भडकाऊ भाषणाला बातम्यांत इन्फ्लमेटरी स्पीच म्हणतात, तेही याच कुटुंबातले. तिथे कुणाला ‘इन म्हणजे नाही’ असं वाटत नाही, हे लक्षात घ्या.

आणि इंच, इंडिया यांच्यातला ‘इन’ तर ना हा, ना तो. तिथे नुसता आवाज जुळलाय.

हे दोन ‘इन’ वेशांतरही करतात, आणि तेसुद्धा दोघं मिळून. पुढे ‘ल’ आला की ‘इल’, ‘र’ आला की ‘इर’, ‘म’ किंवा ‘प’ आला की ‘इम’. आपल्याकडे उत् आणि लेख एकत्र आले की ‘उल्लेख’ होतो, तशीच ही संधी. म्हणून इनलीगल होत नाही, इल्लीगल होतं. पण इल्युमिनेट म्हणजे ‘न उजळणं’ नाही, उजळणं. इम्मॉर्टल म्हणजे न मरणारा, पण इमिग्रंट म्हणजे स्थलांतर न करणारा नव्हे, स्थलांतर करून आत आलेला. इरेग्युलर म्हणजे नियमित नसलेलं, पण इरिगेशन म्हणजे शेतात पाणी आत सोडणं. आपल्या गावाकडे इरिगेशन हा शब्द आजोबांच्याही तोंडी असतो. ‘इरिगेशनचं पाणी इरेग्युलर येतं’ ही तक्रार ते सहज करतात. एका वाक्यात दोन्ही ‘इर’ बिनचूक! त्यांनी रूट वर्डची यादी कधी पाहिलेली नसते.

यादीचा विषय निघालाच आहे, तर बोलू या. कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये व्होकॅबच्या नोट्स मिळतात. डावीकडे प्रीफिक्स, उजवीकडे अर्थ. ‘इन – नाही’. ‘पेडि – पाय’. ‘पॅरा – शेजारी’. ही यादी पाठ करा, हजार शब्द आपोआप येतील, असं सांगितलं जातं. माझं मत विचाराल तर यादी वाईट नाही, पण अर्धवट आहे. आणि ऐन परीक्षेत पर्याय काढणारा तिच्या या अर्धवटपणावरच टपून बसलेला असतो. चार पर्यायांतला एक खास यादी पाठ करणाऱ्यांसाठी ठेवलेला असतो.

उदाहरणार्थ, इनव्हॅल्युएबल. यात ‘इन’ खरोखर नकाराचाच आहे. मग अर्थ ‘किंमत नसलेलं’? नाही. ज्याची किंमत करता येत नाही इतकं मोलाचं. गाइडने तुमची हेल्प इनव्हॅल्युएबल होती म्हटलं, तर तोंड पाडून बसू नका, ती शाबासकी आहे. आणि हे आपल्याला अवघड का जावं? ‘अमूल्य’ शब्दात आपणही हेच केलंय. अ अधिक मूल्य. ‘अमूल्य मार्गदर्शन’ असं छापलेली निमंत्रणपत्रिका वाचून, मार्गदर्शन फुकट गेलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ‘अनमोल’ नावाच्या मुलाला कुणी टाकाऊ समजत नाही.

इन्फेमसचंही तसंच. फेमस नसलेला माणूस म्हणजे तुम्ही-आम्ही, आपण इन्फेमस नाही. इन्फेमस व्हायला आधी लोकांना माहीत व्हावं लागतं आणि तेही वाईट गोष्टीसाठी. त्याला आपला ‘कुप्रसिद्ध’ शब्द चपखल बसतो. इनडिफरंट म्हणजे ‘वेगळा नसलेला’ नाही, तर ज्याला कशाचं काही पडलेलं नाही असा. इन्जीनियस आणि इन्जेन्युअस या जोडीने तर भल्याभल्यांना रडवलंय. पहिला कल्पक, डोकेबाज. दुसरा भोळा, मनात एक आणि ओठावर एक असं न करणारा. इंजिनीअरिंगवाल्यांनी पहिला लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण ‘इंजिनीअर’ शब्दही त्याच लॅटिन मुळातून आलाय. उपजत बुद्धी असा त्याचा अर्थ होता.

इनहॅबिटेबल हा माझा लाडका. हॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं. इनहॅबिटेबल म्हणजेसुद्धा राहण्याजोगं! उलट म्हणायचं असेल तर अनइनहॅबिटेबल. आणि फ्रेंच शिकायला लागलात तर आणखी मजा. तिथे हाच शब्द, हेच स्पेलिंग, पण अर्थ ‘राहण्याजोगं नसलेलं’. पॅरिसमध्ये भाड्याने खोली बघताना ध्यानात असू द्या.

मुळात आपण मराठीत असे का अडखळत नाही? आपल्याकडे काय कमी घोळ आहे? ‘विफल’मधला ‘वि’ फळ काढून घेतो आणि ‘विख्यात’मधला ‘वि’ ख्याती वाढवतो. ‘प्रतिदिन’मधला ‘प्रति’ म्हणजे दर, ‘प्रतिकूल’मधला म्हणजे विरुद्ध, आणि ‘प्रतिनिधी’मधला म्हणजे दुसऱ्याच्या जागी. सीआर हा वर्गाचा प्रतिनिधी असतो, वर्गाचा विरोधक नव्हे (असायला नको, एवढं तरी). यातलं काहीच आपण तोडून शिकलो नाही. हे शब्द घरात, वर्गात, बातम्यांत आधी कानावर पडले आणि फोड नंतर कधीतरी व्याकरणाच्या तासाला कळली. इंग्रजीचं नेमकं उलटं होतं. शब्द आधी कागदावर भेटतो, वाक्याबाहेर, एकटा. मग हातात असतं काय, तर त्याची सुरुवात. म्हणून आपण तिलाच धरून ओढतो. मराठी मीडियममधून आलेल्या मुलामुलींना हे जास्त जाचतं, पण त्यात बुद्धीचा संबंध नाही, भेटीच्या क्रमाचा आहे. म्हणून नवा शब्द यादीतून उचलण्यापेक्षा दोन-तीन वेगवेगळ्या वाक्यांत पाहावा. डिक्शनरीच्या अ‍ॅपमध्ये अर्थाखाली उदाहरणाची वाक्यं दिलेली असतात. अर्थ वाचला की आपण स्क्रीन बंद करतो आणि तीच नेमकी वाचायची राहतात.

आता ‘पेडि’कडे वळू. पार्लरमध्ये पेडिक्युअर होतं, ते पायांचं. पेडल पायाने मारतात. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी, आणि इथे लॅटिनचा ‘पेड’ आणि आपला ‘पाद’ पुन्हा एकाच कुळातले. इथवर यादी बरोबर. मग पेडिअ‍ॅट्रिशियन कोण? पायाचा डॉक्टर? लहान बाळाला घेऊन आई ज्यांच्या दवाखान्यात जाते, ते बालरोगतज्ज्ञ. हा ‘पेडि’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. बीएड करणाऱ्यांच्या पेडॅगॉजीमध्येही हेच मूल आहे. हे दोन ‘पेडि’ एकसारखे दिसायला लागले त्यात अमेरिकन स्पेलिंगचाही हात आहे. ब्रिटिश लोक मुलांच्या ‘पेडि’मध्ये अजूनही एक जादा ‘ए’ ठेवतात, अमेरिकनांनी तो गाळला. एक अक्षर वाचवलं आणि पाय नि पोर एक झालं.

ऑर्थोपेडिकमध्येही पाय नाही बरं का! फ्रेंच डॉक्टर निकोला आंद्री यांनी १७४१ साली हा शब्द घडवला, ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. मुलांच्या शरीरातला वाकडेपणा कसा टाळावा आणि सुधारावा, यावर त्यांचं पुस्तक होतं. त्यातलं वाकड्या झाडाला खुंटाला बांधून सरळ करण्याचं चित्र आजही हाडांच्या डॉक्टरांच्या कितीतरी संघटना बोधचिन्ह म्हणून वापरतात. आज या डॉक्टरांकडे गुडघे धरून आजी-आजोबाच जास्त जातात, पण शब्दात मूल बसलेलं आहे ते आहेच.

‘पेडि’च्या गोंधळाचं एक उदाहरण मात्र हसण्यासारखं नाही. २००० साली ब्रिटनमध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांविरुद्ध वातावरण प्रचंड तापलं होतं. एका वृत्तपत्राने अशा गुन्हेगारांची नावं छापायची मोहीमच उघडली होती. त्या काळात वेल्समधल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंच्या घराच्या दारावर कुणीतरी रंगाने ‘पीडो’ असं लिहून ठेवलं. पीडोफाइल आणि पीडिअ‍ॅट्रिशियन. दोन्हींची सुरुवात एक, दोन्हींत ‘मूल’ आहे. एक मुलांना इजा करणारा, दुसरा मुलांना बरं करणारा. रंगवणाऱ्याने सुरुवात वाचली, पुढचं वाचलं नाही. बाईंना ते घर सोडावं लागलं.

‘पॅरा’ची गोष्ट त्यामानाने प्रसन्न आहे. सैन्यात पॅरा म्हटलं की पॅराशूटने उडी घेणारे. हा ‘पॅरा’ इटालियन-फ्रेंच वाटेने आला, त्याचा अर्थ ‘अडवणारा, वाचवणारा’. पॅराशूट पडण्यापासून वाचवतं, पॅरासोल नावाची छत्री उन्हापासून. हॉस्पिटलमध्ये पॅरामेडिकल स्टाफ असतो, तो ग्रीक ‘पॅरा’, म्हणजे शेजारी, सोबत. आणि पॅरालिम्पिक? त्यातला ‘पॅरा’ही ग्रीक, ऑलिम्पिकच्या बरोबरीने, समांतर चालणारी स्पर्धा असा त्याचा अर्थ आज सांगितला जातो. ‘कमी दर्जाची’ असा अर्थ त्यात कुठेच नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैनिक होते. १९६५च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून सोनं घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. ‘चंदू चँपियन’ पाहिला असेल तर गोष्ट ठाऊक असेलच.

सुरुवात एकाच मुळाची असली तरी शेपूट घात करते, असाही एक प्रकार आहे. त्याचं सगळ्यात जास्त पीक अर्ज आणि इंटरव्ह्यूमध्ये येतं. प्राचार्यांना लिहिलेल्या अर्जाच्या शेवटी ‘युअर्स रिस्पेक्टिव्हली’ लिहिणारे प्रत्येक वर्गात दोन-चार सापडतात. रिस्पेक्टफुली म्हणजे आदरपूर्वक, रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. ‘आपला अनुक्रमे’ वाचून प्राचार्य काय समजणार? इंटरव्ह्यूत ‘मी फार सेन्सिबल आहे’ म्हणालात तर समजूतदार, ‘सेन्सिटिव्ह’ म्हणालात तर हळवा. एचआरच्या वहीत दोन्हींची नोंद निराळी होते. इकॉनॉमिकल बाइक कमी पेट्रोल खाते, इकॉनॉमिक बाइक अशी काही गोष्टच नसते. ऑफुल आणि ऑसम दोघांचं मूळ एकच, दबदबा किंवा दरारा वाटणं. एकाचं नशीब फिरलं, दुसऱ्याचं इन्स्टाग्रामवर फळफळलं.

पण सारख्या सुरुवातीचा सगळ्यात गंभीर हिशेब भाषेच्या वर्गात होत नाही, तो केमिस्टच्या काउंटरवर होतो. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड ही दोन औषधं घ्या. दोन्हींत क्लोरीन आहे म्हणून दोघांची सुरुवात ‘क्लोर’. पहिलं मानसिक आजारावरचं, दुसरं डायबेटिसमध्ये साखर उतरवणारं. एकाच्या जागी दुसरं दिलं गेलं तर साखर व्यवस्थित असलेल्या माणसाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. अशा जोड्यांसाठी अमेरिकेत एक साधी युक्ती काढली गेली. नावाचा जो भाग सारखा आहे तो छोट्या अक्षरांत ठेवायचा आणि जो वेगळा आहे तेवढाच कॅपिटलमध्ये छापायचा. डोळा आपोआप वेगळेपणावर जातो. आपल्या देवनागरीत कॅपिटल नसतात, त्यामुळे ती युक्ती इथे छापून दाखवता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मेंदूपर्यंत पोचणाऱ्या मलेरियावरची दोन औषधं होती, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. दोन्ही नावांतला ‘फाल्सि’ मलेरियाच्या फाल्सिपेरम या परजीवीवरून घेतलेला. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन, म्हणजे औषधं सरळसरळ वेगळी. आणि ती बनवणाऱ्या दोन कंपन्यांची नावंही ‘कॅडिला’नेच सुरू होणारी, कारण दोघी मूळच्या एकाच उद्योगसमूहातून फुटलेल्या! २००१ साली कोर्टाने दावा खालच्या कोर्टात चालवायला सांगताना एक गोष्ट बजावली. औषधांच्या नावातला सारखेपणा इतर मालापेक्षा जास्त कडक नजरेने पाहायला हवा, कारण इथे गोंधळ जिवावर बेतू शकतो. आणि विचार करताना भारतातला गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवा, ज्याला इंग्रजी अजिबात येत नसेल, असंही सांगितलं.

पुढे २०१६ मध्ये डॉक्टरांसाठीच्या नियमांत दुरुस्ती झाली. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं त्यात आहे. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या आणायला बहुधा तुम्हालाच पिटाळलं जातं. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाजवळ औषधाचं खरं नाव आणि किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. ते चिठ्ठीशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि मागे रांग असली तरी केमिस्ट तेवढा वेळ देतो.